‘मान दुखते’ एवढंच सांगू नका

(महिला बचत गटांसाठीच्या सामुदायिक रेडिओवरील आरोग्य-गप्पांमधून)

हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. मात्र ऐकताना एकदा मान डावीकडे वळवून बघा, मग उजवीकडे. दोन्हीकडे सारखी वळते का? वळवताना खांद्यापासून बोटांपर्यंत काही चमकतं का? चमकत असेल तर आजच्या गप्पा खास तुमच्यासाठी आहेत.

आम्ही डॉक्टर नाही. आम्ही तुमच्यासारख्याच गटातल्या बाया. पण गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्यातल्या काही जणींना घेऊन दवाखान्यांच्या इतक्या पायऱ्या चढलो, की डॉक्टरांपुढे काय सांगायचं आणि कसं सांगायचं हे थोडंफार कळायला लागलं. तेच आज सांगणार आहोत.

मावशींची चप्पल

आमच्या गटातल्या एका मावशींपासून सुरुवात करू. त्यांनी सांगायला परवानगी दिली, फक्त नाव घेऊ नका म्हणाल्या.

मावशींचं वय बावन्न. तरुणपणी ऊसतोडीला जायच्या, डोक्यावर मोळ्या वाहिल्या. पुढे तोड सुटली आणि द्राक्षबागेत रोजंदारी सुरू झाली. बागेतलं काम लांबून हलकं वाटतं. पण मांडवाखाली उभं राहून, मान मागे टाकून आणि दोन्ही हात वर धरून दिवसभर विरळणी केली की काय होतं ते बोरीच्या बाजूच्या बायांना विचारा. घरी दोन म्हशी आहेत, त्यांच्या धारा मावशीच काढायच्या.

अडीच वर्षांपूर्वी त्यांची मान आखडली. नंतर उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. गावातल्या दवाखान्यात गेल्या. एक सुई, पुडीत बांधलेल्या गोळ्या आणि ‘काम कमी करा, आराम करा’ असा सल्ला मिळाला. चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग तालुक्याला गेल्या, तिथं एक्स-रे निघाला. ‘मणक्यांची झीज आहे, वयाप्रमाणे चालायचंच.’ तिसऱ्या ठिकाणी रक्त तपासलं. ‘रिपोर्टमध्ये काही नाही, टेन्शन घेऊ नका.’ घरच्यांनी यातलं शेवटचं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं. मावशी पुन्हा मान दुखते म्हणाल्या की मुलगा म्हणायचा, ‘आई, काही नाहीये तुला, डॉक्टरनी सांगितलंय.’

मावशींनी मग बोलणंच सोडलं.

एका मासिक बैठकीत त्या सही करत होत्या. सही नेहमीसारखी येईना. शेजारच्या वहिनींनी सहज विचारलं, तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली. भाकरी थापताना बोटं उघडत नाहीत. पोलक्याचे हुक सून लावून देते. कपबशी हातातून सुटते. आणि बांधावरून चालताना चप्पल पायातून कधी निसटली ते कळतच नाही, मागून कुणीतरी ओरडून सांगतं.

‘हे डॉक्टरांना सांगितलं का?’ आम्ही विचारलं.

‘चपलेचं काय सांगायचं डॉक्टरला?’ मावशी म्हणाल्या. ‘मी मानेसाठी गेले होते.’

मैत्रिणींनो, आजचा सगळा विषय या एका वाक्यात आहे. मावशींच्या मानेचं खरं दुखणं त्या चपलेत होतं. पुढच्या वेळी गटातल्या दोघी त्यांच्याबरोबर गेल्या आणि पहिलंच वाक्य चपलेचं सांगितलं. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. मावशींना उठून सरळ रेषेत चालायला लावलं, हातोडी काढून कोपर आणि गुडघा ठोकून पाहिला, आणि त्याच दिवशी एमआरआयची चिठ्ठी दिली. मानेत मज्जारज्जूवर दाब आला होता. पुण्याला ऑपरेशन झालं. आता मावशी बांधावरून नीट चालतात, हुक लावतात. सुईत दोरा मात्र अजून ओवता येत नाही. तो बहुधा येणारही नाही, कारण दाब फार दिवस राहिला होता. असं ऑपरेशन मुख्यतः पुढचं नुकसान थांबवण्यासाठी असतं. झालेलं नुकसान सगळंच भरून येईल असं नसतं. म्हणून उशीर महाग पडतो.

मानेचा आणि हाताचा काय संबंध?

आपल्या मानेत सात मणके आहेत. दोन मणक्यांच्या मधे मऊ गादी असते, तिला चकती म्हणतात. मणक्यांच्या मधल्या पोकळीतून मेंदूकडून आलेला जाड दोर खाली जातो, तो मज्जारज्जू. या दोरातून दोन्ही बाजूंना फांद्या फुटतात, त्या नसा. मानेतून निघालेल्या नसा खांद्यातून, दंडातून थेट बोटांपर्यंत जातात. शेतातली पाइपलाइन डोळ्यांपुढे आणा. मुख्य लाइन आणि तिच्यातून निघालेले फाटे. एखादा फाटा दबला तर एकाच वाफ्याचं पाणी कमी होतं. मुख्य लाइन दबली तर पुढच्या सगळ्या रानाचं जातं.

चकती सरकली किंवा झिजलेल्या हाडाला टोक आलं आणि एक नस दबली, तर मानेपासून एका हातात सणक जाते, काही बोटांना मुंग्या येतात, कधी हाताची ताकद कमी होते. हे त्रासदायक असलं तरी बहुतेकींना ऑपरेशनशिवाय, काही आठवड्यांत ते तीनेक महिन्यांत आराम पडतो. पण मज्जारज्जू दबला तर दोन्ही हात, पाय, चाल आणि लघवीवरचा ताबा, यातलं काहीही बिघडू शकतं. गंमत अशी की त्यात मान फारशी दुखतही नाही. म्हणूनच ‘दुखतं किती’ याच्याइतकंच ‘काय करता येत नाही’ हे महत्त्वाचं.

आणखी एक गोष्ट. हाताच्या मुंग्या दर वेळी मानेच्याच असतात असं नाही. आमच्यातल्या दुसऱ्या एकीचा हात रात्री बधिर होऊन तिला जाग यायची. उठून हात झटकला की बरं वाटायचं. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट यांनाच त्रास, करंगळी ठीक. तिची नस मनगटात दबली होती. रोज धारा काढणं, कपडे पिळणं यातून असं होऊ शकतं. रात्री मनगटाला पट्टा बांधून झोपायला लागल्यावर तिला पुष्कळ फरक पडला. साखर वाढलेली असणं, बी-बारा जीवनसत्त्व कमी असणं, थायरॉइडचा त्रास असणं यानेही हातापायांना मुंग्या येतात, आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं. तेव्हा कोणत्या बोटांना मुंग्या येतात आणि कधी येतात हे नेमकं सांगितलं, तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

आपलं म्हणणं का पोचत नाही?

डॉक्टर मुद्दाम दुर्लक्ष करतात असं आम्हाला म्हणायचं नाही. सोमवारी सकाळी सरकारी दवाखान्याची रांग बघा. एका बाईच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. त्या दोन मिनिटांत आपण काय सांगतो? ‘सगळं अंग दुखतंय डॉक्टर.’ किंवा आपण बोलायच्या आधी मालकच सांगून टाकतात, ‘तिची जरा मान दुखती, कामाचं दगदगीचं आहे.’ मग डॉक्टर दगदगीचीच गोळी देतात.

शिवाय आपल्याला सोसायची सवय. हंडा डोक्यावर घेऊन चार पावलं चालता येतंय तोवर आपण आजारी नसतोच. सुप्याकडच्या जिरायती गावांत पाण्यासाठी बायांनी किती वर्षं मान मोडली! पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो वजन, वर हंड्याचं वेगळं. उसाची मोळी तर तीस-चाळीस किलोची. ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इथल्या कारखान्यांच्या गाळपासाठी बाहेरून येणाऱ्या तोडणीवाल्या बाया हे दर हंगामात करतात. एवढं वजन मानेनं पेललं आणि ती दुखली, तर त्यात नाटक कसलं?

बायांचं दुखणं नीट ऐकून न घेता उपचार झाले तर काय होतं, ते आपल्या राज्यानं पाहिलं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या जात असल्याची ओरड झाली, तेव्हा २०१९ साली राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ बायांची माहिती घेतली गेली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, आणि कित्येकींचं वय चाळिशीच्याही आत होतं. तो विषय पोटाचा, आपला मानेचा. पण धडा एकच. दुखणं कशाचं आहे हे शोधायच्या आधी उपचार ठरवू द्यायचा नाही. दुखण्याकडे दुर्लक्ष नको आणि घाईही नको.

हे दुखणं जुनंच आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांनी बंगालमधल्या सेरामपूरला भाषण केलं. आपल्याकडच्या बाया आपला आजार पुरुष डॉक्टरांपुढे मोकळेपणी सांगू शकत नाहीत, म्हणून इथं बायका डॉक्टर हव्यात, असं त्यांचं सांगणं होतं. आता डॉक्टरीणबाई पुष्कळ झाल्या. सांगायची कला मात्र आपल्याला अजून शिकायची आहे.

दुखण्याची वही

बचत गटात आपण दहा रुपयेसुद्धा नोंदीशिवाय देत-घेत नाही. मग दुखण्याची नोंद का नको? आमच्या गटानं एक साधी शंभर पानी वही केली. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या नातीला सांगा. चार-सहा दिवस रोज दोन ओळी लिहिल्या तरी पुरतं. त्यात पाच गोष्टी असाव्यात.

पहिली, कधीपासून. ‘लई दिवस झाले’ असं सांगू नका. तारीख आठवत नसेल तर सणवार आठवा. ‘पालखी काटेवाडीत आली होती, मेंढ्यांचं रिंगण बघायला गेले तेव्हा मान वळत नव्हती.’ त्यावरून महिने मोजता येतात.

दुसरी, कुठून कुठं. मानेतून निघून खांद्यावर थांबतं, की कोपरापर्यंत जातं, की बोटांपर्यंत? कोणती बोटं? वहीत हाताचा पंजा ठेवून पेनानं त्याची आकृती काढा आणि मुंग्या येणाऱ्या बोटांवर खुणा करा. हे चित्र आम्ही डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी तेच केसपेपरला जोडून घेतलं.

तिसरी, कसं दुखतं. नसेचं दुखणं वेगळं असतं. चटका बसल्यासारखं, करंट लागल्यासारखं, सुया टोचल्यासारखं, आग होतेय असं, किंवा बधिर. स्नायूचं दुखणं ठणकतं, भरून येतं. आपल्या गावच्या भाषेतला शब्द वापरा, तो चालतो. फक्त ‘दुखतं’ या एका शब्दावर थांबू नका.

चौथी, कशानं वाढतं आणि कशानं कमी होतं. मान वर केल्यावर, ओझं उचलल्यावर, रात्री, खोकल्यावर? हात डोक्यावर ठेवल्यावर बरं वाटतं का?

पाचवी आणि सगळ्यात मोठी, काय करता येत नाही. भाकरी, हुक, सुईदोरा, सही, खुरपं धरणं, धार काढणं, मोबाइलची बटणं, चप्पल. पूर्वी किती भाकऱ्या थापत होता, आता कितव्या भाकरीला हात थांबतो ते लिहा. ‘खूप दुखतं’ या शब्दाचं वजन प्रत्येकाच्या मनात वेगळं असतं. ‘तिसऱ्या भाकरीला हात गळून पडतो’ याचं वजन सगळ्यांना सारखंच कळतं.

वहीच्या शेवटच्या पानावर आजवर घेतलेली औषधं लिहा आणि त्यांची रिकामी पाकिटं पिशवीत ठेवा. पुडीतल्या गोळ्या कोणत्या होत्या ते कळत नसेल तर तसंच सांगा. जुने एक्स-रे आणि रिपोर्ट बरोबर न्या. साखर, बीपी, पूर्वीचा टीबी, पडझड झाली असेल तर ती, सगळं लिहा.

डॉक्टरांपुढची दोन मिनिटं

आत जाण्याआधी बाकावर बसून एकमेकींना म्हणून दाखवा. आम्ही मावशींकडून असं पाठ करून घेतलं होतं:

‘डॉक्टर, मला अडीच वर्षांपासून मानेचं दुखणं आहे. ते उजव्या हातात उतरतं, आणि आता दोन्ही हातांची बोटं काम करत नाहीत. हुक लावता येत नाहीत, कपबशी सुटते. चार महिन्यांपासून चप्पल निसटते ते कळत नाही. तीन ठिकाणी औषध घेतलं, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. नस दबली आहे का, हे तपासून बघाल का?’

म्हणायला अर्धं मिनिट लागतं. आधी मोठी गोष्ट सांगा, मागून लहान. निघताना दाराशी उभं राहून ‘आणि हो डॉक्टर...’ असं सांगितलेलं बहुतेक वेळा वाया जातं.

बरोबर एक बाई असू द्या. ती तुमच्या वतीनं बोलायला नको. ऐकायला आणि लिहून घ्यायला हवी. मालक आले तर चांगलंच आहे, फक्त घरून निघतानाच ठरवा की दुखणं तुम्ही सांगणार आणि ते औषधाचं लक्षात ठेवणार.

आता तपासणीत काय व्हायला हवं? डॉक्टर मान सगळीकडे वळवून बघतात. बोटं दाबायला सांगून हाताची ताकद बघतात. कापूस किंवा टोकदार वस्तू लावून कळतं का ते विचारतात. रबरी हातोडीनं कोपर, मनगट, गुडघा ठोकतात. चालायला लावतात. याला पाच-सात मिनिटं लागतात, फार महागडं यंत्र लागत नाही. यातलं काहीच झालं नाही तर गोड आवाजात म्हणा, ‘डॉक्टर, हाताची ताकद एकदा बघता का?’ यात उद्धटपणा काही नाही. तपासणारा पुरुष असेल तर दुसरी बाई खोलीत हजर असावी, हा तुमचा हक्क आहे.

एक्स-रेबद्दल एक गैरसमज काढून टाका. एक्स-रेत हाडं दिसतात. नसा, चकती, मज्जारज्जू दिसत नाहीत. पन्नाशीनंतर बहुतेकांच्या एक्स-रेत थोडीफार झीज दिसतेच, दुखत असो वा नसो. म्हणून ‘झीज आहे’ एवढ्यानं उत्तर मिळत नाही, आणि ‘एक्स-रे चांगला आहे’ म्हणजे नस ठीक आहे असंही नाही. त्याचप्रमाणे दर मानदुखीला एमआरआय लागत नाही. ताकद कमी होत असेल, चाल बिघडली असेल, धोक्याची खूण असेल, किंवा दीड-दोन महिने नीट उपचार करूनही फरक नसेल, तेव्हा तो लागतो. आधी तपासणी, मग एमआरआय. उलटं केलं तर पैसे जातात आणि डोक्याला घोर लागतो.

निघण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे कशामुळे असेल असं वाटतं? या औषधानं किती दिवसांत फरक पडायला हवा? नाही पडला तर मी कुठं आणि कोणाकडे जायचं? तिसऱ्याचं उत्तर केसपेपरवर लिहून मागा. त्या एका ओळीनं पुढचं दार उघडतं.

रिपोर्ट चांगला आला आणि दुखणं तसंच राहिलं तर? तर दुखणं खोटं ठरत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या नव्यानं मांडली. माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असं तिच्यासोबत स्पष्ट लिहिलं आहे. तेव्हा ‘रिपोर्ट चांगला आला याचा आनंद आहे डॉक्टर, पण दुखणं आहे. आता त्यावर काय करायचं?’ असं विचारा.

गोळ्या, सुया आणि मान मोडणं

नसेच्या दुखण्याला नेहमीची दुखीची गोळी पुष्कळदा लागू पडत नाही. तेव्हा डॉक्टर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन अशी औषधं देतात. यातलं शेवटचं औषध उदासीच्या आजारातही देतात. त्यामुळे घरातलं कुणी शिकलेलं पोरगं मोबाइलवर बघून म्हणतं, ‘ही तर डोक्याची गोळी!’ आणि बाई गोळी फेकून देते. फेकू नका. हीच गोळी थोड्या प्रमाणात नसेच्या दुखण्यावर चालते. ती दिली म्हणजे डॉक्टरांनी तुम्हाला वेडं ठरवलं असं होत नाही. या गोळ्यांनी सुरुवातीला झोप येते, गरगरतं. म्हणून त्या थोड्यापासून सुरू करतात, आणि मनानं एकदम बंद करायच्या नसतात.

दुखीची गोळी रोज-रोज, महिनोन्महिने खाल्ली तर पोटात जखमा होतात, किडनीवर ताण येतो. ‘लगेच उतरवणाऱ्या’ सुईत किंवा पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. ते वारंवार घेतलं तर साखर वाढते, चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात. सुई देताना ‘यात काय आहे?’ असं विचारायला लाजू नका.

आणि एक हात जोडून विनंती. दुखरी मान कुणाकडून कडाकडा मोडून घेऊ नका. दबलेल्या नसेला त्यानं कायमची इजा होऊ शकते. मानेचा पट्टाही डॉक्टर सांगतील तितकेच दिवस घाला. फार दिवस घातला की मानेचे स्नायू ढिले पडतात. फिजिओथेरपीचे व्यायाम मात्र शिकून घ्या. ते चार दिवसांत सोडायचे नसतात, पेरलेलं उगवायला वेळ लागतो.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

हात किंवा पाय दिवसेंदिवस लुळा पडतोय. चाल डगमगते. बोटांनी बारीक काम होत नाही. लघवी-संडासवरचा ताबा गेला. मान पुढे वाकवली की पाठीतून करंट खाली जातो. पडल्यावर किंवा गाडीवरून आपटल्यावर मान दुखायला लागली. मानदुखीबरोबर ताप, वजन घटणं, रात्री घाम आणि झोपू न देणारं दुखणं आहे. पूर्वी टीबी किंवा कॅन्सर झालेला आहे. यातलं एक जरी असलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जा. मणक्याचाही टीबी होतो आणि त्यात खोकला असेलच असं नाही. वेळीच कळला तर औषधानं बरा होतो, आणि सरकारी केंद्रात ते औषध फुकट मिळतं.

डाव्या हाताबरोबर छातीत दाब, जबड्यात कळ, घाम, दम लागणं असेल, तर ते मानेचं समजू नका. ते हृदयाचं असू शकतं. १०८ ला फोन लावा.

कुठं जायचं?

सुरुवात आशाताईपासून आणि उपकेंद्रापासून करा. मग प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून चिठ्ठी घेऊन इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा बारामतीचं सरकारी रुग्णालय. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मेंदू आणि मज्जारज्जूच्या ऑपरेशनसाठी पुण्याच्या ससूनला पाठवू शकतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

ऑपरेशन सांगितलं तर घाबरून सावकाराकडे जाऊ नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि आपलं ऑपरेशन यादीत बसतं का ते आधी विचारा. चौकशीचा फोन १५५३८८.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. आपल्या उपचाराचे कागद मागणं हाही हक्क आहे. मागितल्यावर ७२ तासांत ते द्यावेत, असा डॉक्टरांसाठीचाच नियम आहे.

आता गटाचं काम

पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. ज्यांचा हात, मान, खांदा सहा आठवड्यांपेक्षा जास्त दुखतोय त्यांनी हात वर करायचा. बघा किती हात वर येतात, आणि कुणाचा हात वर करतानाच थरथरतो. त्यांची वही सुरू करा. कुणाबरोबर कोण जाणार ते ठरवा. एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजंदारी यासाठी गटातून लहान कर्ज देता येईल का, त्याचाही ठराव करा. एका दिवसाची मजुरी बुडते म्हणूनच आपण दवाखाना पुढे ढकलतो, हे आपण सगळ्या जाणतो.

घरातही बोला. दुखण्याच्या दिवसांत हंडा कुणी भरायचा, धार कुणी काढायची? हंड्याऐवजी दोन लहान कळश्या दोन्ही हातांत वाटून आणता येतील का? बागेत उंच घडांसाठी खाली पाट घेऊन उभं राहता येईल का, म्हणजे मान कमी मागे जाईल? अर्ध्या तासानं एकदा हात खाली सोडा, मान सरळ करा. मुकादम काही बोलला तर दोघी-तिघींनी मिळून सांगा.

मावशी आता गटात नव्या बायांच्या वह्या तपासतात. स्वतः लिहीत नाहीत, अक्षर पूर्वीसारखं येत नाही. पण समोरची बाई ‘मान दुखते’ म्हणाली की लगेच विचारतात, ‘ते कळलं. भाकरी किती थापतेस? आणि चप्पल?’

तुम्हीही आज शेजारणीला हे दोन प्रश्न विचारा. नमस्कार.